बंद लॅपटॉपचा न विझणारा दिवा

रात्रीचे काम आटोपून लॅपटॉप बंद करावा, खोलीतील दिवा मालवावा आणि काळोखात पडद्यावर अजून फिकट उजेड पसरलेला दिसावा, असा अनुभव कित्येकांना येतो. चित्र नाहीसे झालेले असते. उजेड मात्र राहतो. पडदा बिघडला असे समजून तो बदलण्याची घाई पुष्कळजण करतात. परंतु दोष पडद्यातच असतो असे नाही.

या पडद्यातील द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख राइनिट्झर याला १८८८ मध्ये प्रथम आढळलेले हे पदार्थ येथे केवळ झडपांचे काम करतात. उजेड येतो तो पडद्याच्या कडेला बसविलेल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या ओळीतून. (ओएलईडी पडद्यांत असा मागचा दिवा नसतो, त्यांना हे विवेचन लागू नाही.) चित्र आणि उजेड या अशा दोन निरनिराळ्या व्यवस्था असल्यामुळे एक थांबली तरी दुसरी चालू राहू शकते.

एका एलईडीला सुमारे ३ व्होल्ट दाब लागतो. असे दहा दिवे एकामागून एक जोडले, म्हणजे ३० व्होल्ट हवेत. बॅटरीचा दाब त्याहून कमी असल्याने तो वाढविणारे एक लहान मंडल पडद्याशी जोडलेले असते. त्या मंडलाला मुख्य बोर्डाकडून दोन संकेत मिळतात: एक दिवा लावण्याच्या अनुज्ञेचा, दुसरा तेजाच्या प्रमाणाचा. अनुज्ञा देणारी नियंत्रक चिप संगणक बंद असतानाही चौकीदाराप्रमाणे जागी राहते. ती गोंधळली, म्हणजे अनुज्ञा मागे घेतली जात नाही.

उपायांचा क्रम यावरूनच ठरतो. प्रथम पंखा चालू आहे काय, वीजदर्शक दिवा जळतो काय, हे पाहावे. तसे असेल तर संगणक पुरता बंद झालेला नाही. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून बंद करतेवेळी प्रणालीचा काही भाग साठवून ठेवण्याची सोय आहे. शिफ्ट कळ दाबून ठेवून ‘शट डाउन’ निवडल्यास ती टळते. यानेही भागले नाही, तर चार्जर काढावा, बॅटरी निघण्याजोगी असल्यास तीही काढावी आणि चालू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून ठेवावी. उरलेला विद्युत्भार निघून जातो आणि पुष्कळदा नियंत्रक नव्याने कामास लागतो. दोष पुन्हा उद्भवल्यास निर्मात्याने दिलेली बायोसची नवी आवृत्ती बसवावी.

एवढ्याने दिवा विझला नाही, तर दोष यंत्रांगात आहे असे समजावे. बिजागरीपाशी वारंवार दुमडून केबलीचे वेष्टन झिजते व शेजारच्या तारा परस्परांस चिकटतात. दिल्लीच्या हिवाळ्यात थंड झालेले यंत्र उबदार, दमट खोलीत आणले की आत दव साचू शकते. त्यातून गंज चढतो आणि नको तेथे प्रवाहास वाट मिळते. अशा वेळी जाणत्या कारागिराने मल्टिमीटरने अनुज्ञेची तार तपासावी. संगणक बंद असता तेथे दाब शून्य हवा. तो सुमारे ३ व्होल्ट राहिला, तर दोष बोर्डाकडे किंवा केबलीत आहे. शून्य असूनही दिवा जळत असेल, तर पडद्याकडील मंडलात आहे.

दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेसच्या बाजारात पडदा बदलून मिळतो, तसाच बोर्डावरील एखादा घटकही बदलून मिळतो. त्यांपैकी कोणते काम करावयाचे, हे या एका मापनावरून ठरावे; नाहीतर चांगला पडदा टाकून दिला जातो आणि नवा पडदाही तसाच जळत राहतो.

दुर्लक्ष करणेही हिताचे नाही. समजा, दिवा ३ वॅट शक्ती घेतो आणि बॅटरीत ४५ वॅट-तास ऊर्जा आहे. तर १५ तासांत बॅटरी रिकामी होईल. वारंवार अशी पूर्ण रिकामी झालेली बॅटरी लवकर निकामी होते. बॅटरी फुगलेली दिसल्यास यंत्र वापरू नये व ती स्वतः उचकटू नये. बदललेला पडदा वा बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता नोंदणीकृत पुनश्चक्रण केंद्राकडे द्यावी. जुन्या पडद्यांतील नळीदिव्यांत तर पारा असतो.

बटण दाबणे म्हणजे वीज तोडणे नव्हे, तर एक आज्ञा देणे होय. ती आज्ञा वाटेत कोठे अडली हे शोधणे, हीच दुरुस्तीची पहिली पायरी.