काट्याला दुसरी केबल कशासाठी?

सभासद बंधू-भगिनींनो,

हल्ली गट मीटिंगला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, काट्यापासून ऑफिसपर्यंत एक केबल होतीच की. मग दुसरी कशापायी टाकली?" प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचा, तेव्हा खुलासा झालाच पाहिजे.

गेल्या हंगामात आवारात चर खणताना केबल तुटली. काट्यावरचे वजन ऑफिसच्या संगणकात जाईना, पावती निघेना. गाड्यांची रांग पार गेटाबाहेर गेली. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजन घटते आणि उताराही घटतो. पहिले नुकसान गाडीवाल्या सभासदाचे, दुसरे सर्वांचे.

म्हणून यंदा दुसरी केबल वेगळ्या बाजूने नेली. केबलच्या दोन्ही टोकांना 'स्विच' असतो. हा दिव्याचा खटका नव्हे. संगणकांच्या वायरी जिथे एकत्र येतात ती ही पेटी. तिच्यातील दोन खाचा, म्हणजे पोर्ट, मिळून एकच वाट समजावी, असे पेटीला ठरवून देता येते. याला 'लिंक ॲग्रिगेशन' म्हणतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेट्यांचे एकमेकींशी जुळावे म्हणून २००० साली याचे सर्वमान्य प्रमाणही ठरले.

आता एक गैरसमज काढून टाकू. एक गिगाबिटच्या दोन वायरी जोडल्या म्हणजे प्रत्येक काम दुप्पट वेगाने होते, असे नाही. दोन काटे असले म्हणून एकच गाडी आपण अर्धी इकडे, अर्धी तिकडे चढवत नाही. पण रांग मात्र दोन्हीकडे वाटली जाते. इथेही तसेच. दोन संगणकांचे एक बोलणे एकाच वायरीने जाते, नाहीतर माहितीचे तुकडे मागे-पुढे पोचतील. काट्याची नोंद, कॅमेऱ्यांची चित्रे, शेतकी विभागाचे काम हे दोन वायरींत वाटले जाते. वाटणी समसमान होईलच असे नाही. पण एक वायर तुटली, तर सारे काम दुसरीवरून चालू राहते. आपला खरा फायदा हाच.

एक चूक आमच्याकडूनही झाली, ती सांगतो. दोन्ही पेट्यांत जोडणी ठरवून देण्याआधीच घाईने दुसरी केबल खोचली. फेरा रोखण्याची सोय पेट्यांत चालू नव्हती. माहिती दोन पेट्यांमध्ये गोल गोल फिरत राहिली आणि सगळा कारभार ठप्प झाला. केबल काढली तेव्हा सुटका झाली. दोन्ही टोकांचे आधी एकमत, मग जोडणी, हा धडा मिळाला.

वीज गेली किंवा पेटीच बिघडली, तर दोन केबलींचाही उपयोग नाही. त्यासाठी काट्यावर हातपावतीचे पुस्तक ठेवले आहे.

तुम्ही एवढेच करा. आवारात विचारल्याशिवाय खणू नका, आणि तोडचिठ्ठी हातात आल्याशिवाय उसाला कोयता लावू नका.

आपला,
ऊस विकास अधिकारी