मँटलचं कार्ड एवढं महाग का?

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत पुठ्ठ्याचा एक तुकडा १ कोटी २६ लाख डॉलरला विकला गेला. त्यावर चित्र होतं मिकी मँटलचं. न्यूयॉर्क यँकीजकडून ५३६ होमरन मारणारा हा बेसबॉलपटू. कार्ड टॉप्स कंपनीचं, सन १९५२, क्रमांक ३११. ही किंमत आली कुठून, एवढंच आज आपण बघू.

लोक पटकन दोन उत्तरं देतात. एक, हे त्याचं पहिलं कार्ड. तर तसं नाही. पहिलं कार्ड बोमन कंपनीनं १९५१ मध्येच काढलेलं आहे आणि संग्राहक 'रूकी' कार्ड म्हणतात ते त्याला. दुसरं उत्तर, ते फार दुर्मीळ आहे. गंमत अशी, की छपाईच्या तावावर मँटल दोनदा बसवला होता. म्हणजे त्याच शेवटच्या संचातल्या बहुतेक खेळाडूंपेक्षा त्याची कार्डं जास्तच छापली गेली!

मग झालं काय? तो शेवटचा संच दुकानात पोचला तेव्हा बेसबॉलचा हंगाम संपत आला होता. पोरं फुटबॉलकडे वळली. माल गोदामात पडून राहिला, आणि १९६० मध्ये तो बोटीवर लादून अटलांटिक समुद्रात बुडवला, असं टॉप्सचे साय बर्जर यांनी पुढे सांगितलं. जी कार्डं विकली गेली ती पोरांच्या हातात. कुणी गठ्ठ्याला रबर बँड लावला, कुणी सायकलच्या स्पोकमध्ये अडकवून फटफट आवाज काढला. आपल्याकडे च्युइंग गमबरोबर येणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांचं तरी वेगळं काय झालं? तेव्हा प्रश्न किती छापली हा नसून, कोपरे शाबूत असलेली किती उरली, हा आहे. तेव्हा विक्रमी ठरलेल्या किमतीच्या या कार्डाला १० पैकी ९.५ गुण होते. हेच कार्ड १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला घेतलेलं होतं.

आता, कोपऱ्यांना एवढा भाव आला की कात्रीलाही काम मिळतं. होनस वॅगनर हा आठ वेळा नॅशनल लीगमध्ये फलंदाजीत अव्वल आलेला पिट्सबर्गचा खेळाडू. त्याचं १९०९ च्या सुमाराचं, सिगारेटच्या पाकिटातून आलेलं कार्ड खरोखरच दुर्मीळ, कारण त्याची छपाई लवकरच थांबली. त्यातल्या सगळ्यात सुरेख प्रतीला पीएसए या प्रतवारी करणाऱ्या कंपनीनं ८ गुण दिले होते. पुढे २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलावदारानं न्यायालयात कबूल केलं, की त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. प्रमाणपत्राच्या प्लॅस्टिक डबीत बंद असलेलं कार्ड! आमच्या मते संग्राहकानं हे प्रकरण नीट समजून घ्यावं. डबीवरचा आकडा हे शेवटी कुणाचं तरी मत असतं.

याच्या उलट बाजू बॅरी बाँड्सची. ७६२ होमरन, म्हणजे मेजर लीगमधला सर्वोच्च आकडा. तरी त्याचं १९८७ चं टॉप्स कार्ड साध्या अवस्थेत काही डॉलरांत मिळतं. उत्तेजकांच्या आरोपांची सावली आहेच, पण मोठं कारण छपाईचं. तोवर जुन्या कार्डांचे भाव सगळ्यांच्या कानावर गेले होते. कंपन्यांनी बेसुमार छापलं आणि लोकांनी पेट्याच्या पेट्या न उघडता जपून ठेवल्या. जे सगळ्यांनीच जपलं, त्याला भाव कोण देणार?

'मग आम्ही काय घ्यावं?' असं विचारणाऱ्यांना आम्ही हँक आरनचं १९५४ चं टॉप्स कार्ड सुचवू, क्रमांक १२८. ७५५ होमरनवाल्या माणसाचं हे खरोखरचं रूकी कार्ड. कोपरे झिजलेलं, मध्ये घडी पडलेलं असेल तर चांगल्या प्रतीच्या मानानं ते पुष्कळच स्वस्तात पडतं. फक्त घेताना त्याच मालिकेतल्या एखाद्या साध्या कार्डावर ठेवून लांबी-रुंदी जुळवून बघा.