शिक्षकांनो, थकवा अंगावर काढू नका

गेल्या फेब्रुवारीत एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. नोकरीला एकवीस वर्षे झालेली. म्हणाल्या, "डॉक्टर, स्वेच्छानिवृत्ती घ्यावी म्हणते. घंटा झाली की वर्गाकडे पाय वळत नाहीत." आवाज बसलेला, चेहरा ओढलेला. दिवाळीच्या सुट्टीनंतर स्नेहसंमेलन, शिष्यवृत्तीचे जादा तास, दहावीच्या तोंडी परीक्षा, ऑनलाइन माहिती भरणे आणि रात्री घरी वह्यांचा गठ्ठा. झोप जेमतेम पाच तास.

मी आधी रक्त तपासले. हिमोग्लोबिन 9 निघाले. स्त्रियांमध्ये ते किमान 12 हवे. बाई ज्याला आपला नाकर्तेपणा समजत होत्या, त्यात रक्तक्षयाचा मोठा वाटा होता. म्हणून थकवा हटत नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड व रक्तातील साखर तपासून घ्यावी.

उरलेला थकवा मात्र गोळीने जाणारा नव्हता. कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या या अवस्थेला 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली तिची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. तिची लक्षणे तीन : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी कडवटपणा येणे आणि 'माझ्या हातून काही होत नाही' असे वाटणे. हे तिसरे लक्षण शिक्षकाला फार छळते. सुताराला संध्याकाळी तयार खुर्ची दिसते. शिक्षकाला उरलेला अभ्यासक्रम दिसतो.

बाईंना मी पुढील गोष्टी सांगितल्या :

1. सात तास झोप घ्या. वह्या घरी रोज नेऊ नका, आठवड्याचे वार ठरवा.

2. पाण्याची बाटली जवळ ठेवा. तासांमुळे पाणी टाळणे व लघवी तुंबवणे यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

3. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. चहामुळे लोह अंगी कमी लागते.

4. मधल्या सुट्टीत डबा सहकाऱ्यांबरोबर खा. अडचण बोलून दाखवा.

5. शाळा सुटताना, आज कोणाला काय जमले, याची एक ओळ वहीत लिहा.

अर्थात, ओळ लिहून कामाचा बोजा हलका होत नाही. तो वाटून देणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे. त्यांनीही हा लेख वाचावा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना लगेच भेटा. शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे.

एप्रिलमध्ये बाई वही घेऊन आल्या. एका पानावर होते : 'मागच्या बाकावरच्या मुलाला आज अपूर्णांकांची बेरीज जमली.' मी निवृत्तीच्या अर्जाचे विचारले. "लिहून ठेवलाय," त्या हसून म्हणाल्या, "पण जूनमध्ये ती मुले आठवीत येतील, तेव्हा बघू."