‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणण्याआधी

पुण्यात बुधवार पेठेचं नाव निघालं की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. दगडूशेठला दर्शन घ्यायचं, लक्ष्मी रस्त्यावर लग्नाचा बस्ता बांधायचा आणि मधल्या देहविक्रयाच्या दोन-चार गल्ल्या दिसल्याच नाहीत असं चालायचं, ही इथली जुनी सवय. लहानपणी विकल्या गेलेल्या मुली म्हणजे त्या गल्ल्या आणि लहानपणी अत्याचार झालेली मुलं म्हणजे पेपरातली बातमी, अशी सोयीस्कर वाटणी आपण करून ठेवली आहे. ती मुलं पुढे मोठी होतात याचा विचार कोणी करत नाही. आज ती तिशी-चाळिशीत आहेत. कोणी हिंजवडीत नोकरी करतं, कोणी कोथरूडमध्ये संसार करतं, कोणी त्याच गल्लीत खोलीचं भाडं भरतं. त्यांना सल्ले मात्र सगळेच देतात.

‘इतक्या वर्षांनी आत्ताच कसं आठवलं?’

हे विचारणाऱ्याला वाटतं की आपण बिनतोड मुद्दा काढला. वस्तुस्थिती अशी की लहानपणीच्या अत्याचाराबद्दल माणूस पहिल्यांदा तोंड उघडतो तोवर बहुतेकदा वर्षंच्या वर्षं गेलेली असतात. स्वतःची मुलगी त्याच वयाची होते, लग्न ठरतं, किंवा जिच्या जिवाला लागेल म्हणून गप्प बसलो ती आई जाते, तेव्हा कुठे बोलणं सुटतं. बऱ्याच जणांना विसर कधी पडलेलाच नसतो. ऐकून घेणारं माणूस नसतं.

खरोखर विसर पडलेलेही असतात. अमेरिकेत लिंडा मेयर विल्यम्स यांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या १२९ स्त्रियांना लहानपणी अत्याचारानंतर रुग्णालयात आणलं होतं आणि तशी कागदोपत्री नोंद होती. सुमारे १७ वर्षांनी विचारलं तेव्हा ३८ टक्के जणींनी त्या घटनेबद्दल काही सांगितलं नाही. म्हणजे आठवत नाही याचा अर्थ घडलंच नाही, असा होत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सुचवत राहिलं तर न घडलेल्या गोष्टीही माणसाला ‘आठवू’ शकतात, हे एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी दाखवून दिलं आहे. त्यामुळे ‘तुमच्यावर लहानपणी नक्की काहीतरी झालंय, संमोहनातून बाहेर काढू’ असं पहिल्याच भेटीत सांगणारा कोणी भेटला, तर चपला घालाव्यात आणि घरी यावं.

‘मुलग्यांना काय होतंय?’

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी एका तरी प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले होते.

पुरुषांच्या वाट्याला आणखी एक शंका येते: ज्याच्यावर अत्याचार झाला तोच पुढे अत्याचारी होतो. हे ऐकून कित्येक बाप स्वतःच्या तान्ह्या मुलीला आंघोळ घालायला घाबरतात. कॅथी विडम यांनी अत्याचार झालेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला. २०१५ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत, केवळ बालपणी लैंगिक अत्याचार झाला म्हणून पुढे लैंगिक गुन्ह्यात अटक होण्याची शक्यता लक्षणीय वाढलेली दिसली नाही.

‘माफ कर आणि विसरून जा’

हा सल्ला बहुधा मायेपोटी दिला जातो आणि सगळ्यांत जास्त इजा तोच करतो. घरात मुंज असते, लग्न असतं. ज्याने अत्याचार केला तोच काका पहिल्या पंगतीला बसलेला असतो आणि पस्तिशीच्या बाईला आई हळूच म्हणते, ‘अगं, पाया पड ना, लोक बघताहेत.’ आईला माहीत नसतं असं नाही. काही वर्षांपूर्वी सांगितलेलं असतं, तेव्हा ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणून विषय मिटवलेला असतो. मिटला तो आईपुरता.

मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये बरं होण्याचे तीन टप्पे मांडले, ते आजही वापरले जातात. आधी सुरक्षितता, मग घडलं त्याची आठवण आणि त्याचा शोक, मग माणसांत पुन्हा मिसळणं. यात क्षमा ही पायरी नाही. कोणाला माफ करावंसं वाटलं तर तो त्याचा प्रश्न. बरं होण्याची ती अट नव्हे. आणि पहिला टप्पा सुरक्षिततेचा आहे हे घरच्यांनी नीट वाचावं. त्या काकांच्या घरी यापुढे जाणार नाही, भाऊबीज वेगळी करू, एवढं म्हणणंसुद्धा त्यात येतं. घरच्यांना तो हट्ट वाटतो.

‘आता तक्रार करून काय उपयोग? मुदत संपली’

इथे उत्तर एका ओळीत देता येत नाही, आणि जे देतात त्यांच्यापासून सावध राहावं. फौजदारी कायद्यात ३ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांना मुदत असते, त्याहून गंभीर गुन्ह्यांना नसते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. लहानपणी चेन्नईत अत्याचार सोसलेल्या आणि पुढे कॅनडात स्थायिक झालेल्या शास्त्रज्ञ पूर्णिमा गोविंदराजुलू यांनी हा विषय लावून धरला. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की पॉक्सोखालची, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालची, तक्रार मोठेपणीही करता येते.

मेख पुढे आहे. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासूनच्या गुन्ह्यांना लागतो. त्याआधीच्या घटनेला त्या वेळचा कायदा. १९९५ सालचा बलात्कार असेल तर मुदतीची अडचण नाही. मुलग्याच्या बाबतीत तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ लागू होत असेल तरी नाही. पण नको तिथे हात लावणं तेव्हा त्याच संहितेच्या कलम ३५४ मध्ये जायचं आणि त्याला कमाल शिक्षा २ वर्षं होती, म्हणून तिथे ३ वर्षांची मुदत आडवी येते. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्याच्या भरवशावर कोणाला पुढे ढकलू नये. प्रत्येक घटनेचं वर्ष आणि स्वरूप वकिलापुढे ठेवूनच ठरवावं. स्त्रियांना, आणि मानवी तस्करीतून आलेल्या कोणालाही, उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. पुण्यात ती शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागायची. तक्रार न करता बरं होता येतं हेही तितकंच खरं. ‘तू बोलली नाहीस तर तो दुसऱ्या मुलीला गाठेल’ हे ओझं जिच्यावर अत्याचार झाला तिच्याच डोक्यावर ठेवणं मला पटत नाही. ते पेलायला घरातली बाकीची मोठी माणसं आहेत की.

‘छापा पडला, सुटका झाली, संपलं’

सिनेमात संपतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या कुंटणखान्यांवर मोठे छापे पडले आणि शेकडो मुली बाहेर काढल्या गेल्या, त्यांत नेपाळच्या बऱ्याच होत्या. त्यांना महिनोन्‌महिने निवारागृहांत ठेवलं गेलं, कारण नेपाळ सरकार परत घ्यायला राजी नव्हतं. शेवटी तिथल्या संस्थांनी १२८ जणींना नेलं. मायदेशीही स्वागत झालं ते संशयाने. त्यांतल्याच काही जणींनी ‘शक्ती समूह’ ही संस्था काढली. तस्करीतून आलेल्यांनीच चालवलेली ही संस्था, २०१३ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांतल्याच चरिमाया तमांग यांनी स्वतःला विकणाऱ्यांवर स्वतःच फिर्याद केली आणि १९९७ मध्ये त्यांना शिक्षा झाली. सुटका पोलिसांनी केली होती. उभ्या त्या स्वतः राहिल्या, आणि सोबतिणींच्या आधाराने.

सुटकेनंतर उभं राहायला मदत लागते, हे आपल्या जिल्ह्यात पूर्वीच कळलं होतं. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या निराधार मुली पंडिता रमाबाईंनी केडगावला आणल्या तेव्हा नुसतं छप्पर दिलं नाही. शेती, विणकाम, छापखान्याचं काम शिकवलं. नंतरच्या काळात ‘सुधारगृह’ म्हणजे कुलूप, अशी आपली समजूत झाली. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने छाप्यात पकडलेल्या तीन सज्ञान तरुणींना मोकळं करताना सांगितलं की त्यांना मर्जीविरुद्ध डांबून ठेवता येणार नाही.

बुधवार पेठेत पंधराव्या वर्षी फसवून आणलेली आणि आज पस्तिशीत तिथेच राहणारी बाई असते. ‘आवडतं म्हणून राहिली’ हे एक टोक, ‘तिला काय कळतंय, उचलून न्या’ हे दुसरं. तेव्हा ती फसवली गेली हे खरंच. तस्करीच्या गुन्ह्यात पीडितेची संमती होती का, हे कायदा विचारातच घेत नाही. आज ती सज्ञान आहे, मुलाची फी भरते, आणि निर्णय तिचा आहे हेही खरं. म्हणून या वस्तीत ‘सहेली संघ’ ही तिथल्या बायकांचीच संघटना आणि मुलांसाठी काम करणारी ‘वंचित विकास’ यांचा जो उपयोग होतो, तो छाप्याचा होत नाही.

तस्करी म्हणजे फक्त देहविक्रय, असंही नाही. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांना नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला नेल्याचं उघड झालं, ते एका मुलीच्या मृत्यूनंतर. आईबापांच्या हातात ठेवले होते काही रुपये आणि कुठे एखादी मेंढी. ती मुलंही उद्या मोठी होणार आहेत.

‘मनाचं आहे, मन घट्ट केलं की झालं’

२०२२ पासून लागू असलेल्या जागतिक रोगवर्गीकरणात दीर्घकाळच्या आघातानंतरच्या गुंतागुंतीच्या विकाराला स्वतंत्र नाव आहे. दचकणं, झोप न लागणं यांच्या जोडीला स्वतःबद्दलची खोल लाज, भावना न आवरणं, माणसांजवळ जाता न येणं. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणीवर काम करणारा उपचार) या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. झोपेसाठी, नैराश्यासाठी गोळ्या लागल्या तर लागतात. त्यात कमीपणा नाही.

शरीर कुठे अडतं ते दातांच्या दवाखान्यात बघावं. खुर्ची मागे जाते, तोंड उघडं, वर अनोळखी चेहरा, बोलता येत नाही. कित्येक जण याच कारणाने वर्षानुवर्षं दात किडवून घेतात आणि वरून ‘हयगय करता’ म्हणून ऐकून घेतात. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या टेबलावरही तेच. डॉक्टरांनी हात लावण्याआधी काय करणार ते सांगितलं, ‘हात वर केला की मी थांबेन’ असं म्हटलं आणि खरंच थांबले, तर तपासणी पार पडते. कारण विचारायची गरजही नसते.

मदत पुण्यात मिळते. ससूनच्या मनोविकार विभागात खासगी दवाखान्यांचा खर्च न परवडणारेही जाऊ शकतात. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत, फुकट बोलता येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जायचं तर त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नये. पहिल्या भेटीत सगळं सांगायचं नसतं, नावं तर मुळीच नाहीत. दार उघडं ठेवू का, कुठल्या खुर्चीत बसता, हे जिथे विचारलं जातं ती जागा बरी. दोन-तीन भेटींत जमत नाही असं वाटलं तर दुसरा समुपदेशक बघावा. चांगला असेल तर पहिलाच नाव सुचवतो.