घाट आधी बंद, मग शर्यत

देवपूर (धुळे) : पांझरा नदीच्या उत्तर तीरावरील देवपुरातून निघालेल्या वाहनचालकाला कोणत्याही दिशेला गेले तरी घाट चुकत नाही. आग्रा रोडने दक्षिणेकडे निघाले की धुळे शहर ओलांडताच लळिंग किल्ल्याच्या पायथ्याचा घाट लागतो. उत्तरेकडे शिरपूर आणि पळासनेर मागे पडले की सातपुड्यातील बिजासन घाट सुरू होतो. सुरतेच्या वाटेवर कोंडाईबारी आहे, तर चाळीसगावहून मराठवाड्यात जायचे तर कन्नडचा औट्रम घाट आहे. अशा प्रदेशातील मोटारप्रेमी तरुणांना ‘हिल क्लाइंब’ या खेळाचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. चकचकीत स्पोर्ट्स कार वळणावळणाच्या रस्त्याने डोंगर चढत आहेत, ही दृश्ये आता घरोघरी मोबाइलवर पाहिली जातात. मात्र त्या दृश्यांत एक गोष्ट सहसा दिसत नाही. तो रस्ता त्या दिवशी इतर सर्वांसाठी बंद असतो. याच एका गोष्टीमुळे घाटचढाई हा खेळ ठरतो. ती नसेल तर तोच प्रकार कायद्याने गुन्हा ठरतो.

एका वेळी एकच मोटार

घाटचढाईच्या शर्यतीत मोटारी एकमेकींशी भिडत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक मोटार सोडली जाते आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत तिला लागलेला वेळ मोजला जातो. सर्वांत कमी वेळ नोंदविणारा विजयी ठरतो. मोटारींचे वजन, इंजिनाची क्षमता आणि त्यांत केलेले बदल यांनुसार गट पाडलेले असतात. त्यामुळे लहानशा हॅचबॅकचा मालकही आपल्या गटात पहिला येऊ शकतो.

इंग्लंडमधील वूस्टरशर परगण्यातील शेल्सली वॉल्श येथे ही शर्यत १९०५ पासून भरते. ज्या मार्गावर ती सुरू झाली, त्याच मार्गावर आजही चालणाऱ्या जगातील सर्वांत जुन्या मोटार शर्यतस्थळांत त्याची गणना होते. मार्ग अवघा एक हजार यार्डांचा, म्हणजे सुमारे ९१४ मीटरचा. पण तेवढ्यात मोटार जवळपास १०० मीटर उंच चढते. पहिल्या वर्षीच्या विजेत्याला या चढणीसाठी ७७.६ सेकंद लागले होते. आजचा विक्रम २३ सेकंदांच्या आत आला आहे.

दिवस कसा जातो?

हौशी स्पर्धकांचा दिवस सकाळी वाहनतपासणीने सुरू होतो. ब्रेक, टायर, सीटबेल्ट, हेल्मेट, बॅटरीची बांधणी, इंधनाची गळती असे सारे पाहूनच मोटारीला मार्गावर सोडले जाते. पुष्कळ स्पर्धक त्याआधी संपूर्ण मार्ग पायी चालून येतात. कोणत्या वळणावर खडी पसरली आहे, झाडाच्या सावलीत रस्ता कोठे ओला राहिला आहे, हे चालत्या मोटारीतून कळत नाही.

शेल्सली वॉल्श येथे सुरुवातीच्या रेषेपाशीच चढ आहे. मोटार मागे सरकू नये म्हणून कार्यकर्ते मागच्या चाकाला आधार देतात. घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकामागे क्लीनर दगड लावतो, तसाच हा प्रकार. हिरवा दिवा लागला म्हणून लगेच सुटण्याची घाई नसते. चालक आपली तयारी झाल्यावर निघतो आणि मोटारीच्या पुढील पट्टीने प्रकाशकिरण तोडला की घड्याळ सुरू होते. वळणावळणावर झेंडे आणि अग्निशामक नळकांडी घेतलेले मार्शल उभे असतात. पुढे कोणी अडकले तर लाल झेंडा दाखवून मागची मोटार थांबविली जाते. माथ्यावर पोहोचलेल्या मोटारी तेथेच थांबतात आणि गटागटाने सावकाश खाली आणल्या जातात. म्हणजे दिवसभराच्या हजेरीत प्रत्यक्ष शर्यत काही मिनिटांचीच असते. उरलेला वेळ मोटारींची देखभाल, इतरांच्या मोटारी पाहणे आणि गप्पा यांत जातो. हौशी मंडळींच्या दृष्टीने दिवसाची खरी मौज त्यातच असते.

चढणीचे गणित

सपाट रस्त्यावर इंजिनाची शक्ती वेग वाढविण्यात आणि हवेचा विरोध मोडण्यात खर्च होते. घाटात मोटारीचे वजनही वर उचलावे लागते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील पाइक्स पीक येथील प्रसिद्ध शर्यतीत सुमारे २० किलोमीटर अंतरात १,४४० मीटर चढावे लागते. १,२०० किलो वजनाची मोटार हा चढ आठ मिनिटांत चढत असेल, तर केवळ वजन उचलण्यासाठी तिला सतत सुमारे ४७ अश्वशक्ती खर्चावी लागेल. ‘मारुती ८००’च्या इंजिनाची संपूर्ण शक्ती याहून कमी होती.

उंचीबरोबर हवा विरळ होते, ही दुसरी अडचण. साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ती दर ३०० मीटर उंचीमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते. हजार मीटरहून अधिक उंचीवरील तोरणमाळला पोहोचेपर्यंत सुमारे दहावा हिस्सा गेलेला असतो. पाइक्स पीकचा माथा ४,३०० मीटरवर आहे. तेथे हवेअभावी इंजिनाची तीस ते चाळीस टक्के शक्ती नाहीशी होते. टर्बोचार्जर ही तूट काही प्रमाणात भरून काढतो. विजेच्या मोटारीला ज्वलनासाठी हवा लागतच नाही. २०१८ मध्ये फ्रान्सच्या रोमँ द्युमा याने फोक्सवॅगनच्या विजेवरील मोटारीने १५६ वळणांचा हा मार्ग ७ मिनिटे ५७.१४८ सेकंदांत पार केला आणि आठ मिनिटांच्या आत माथा गाठणारा तो पहिला ठरला. १९१६ मधील पहिल्या शर्यतीच्या विजेत्याला जवळजवळ २१ मिनिटे लागली होती.

अपघातांनी घडविलेले नियम

या खेळातील शिस्त सहजासहजी आलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्त्यांवरही अशा शर्यती होत. १९२५ मध्ये बकिंगहॅमशरमधील कॉप हिल येथे मोटारीची धडक बसून एका प्रेक्षकाचा पाय मोडला. त्यानंतर तेथील रॉयल ऑटोमोबाइल क्लबने सार्वजनिक रस्त्यांवरील शर्यतींना परवाने देणे थांबविले आणि या शर्यती खासगी मार्गांवर गेल्या. आज कॉप हिलवर भरतो तो जुन्या मोटारींचा मेळा; तेथे वेळ मोजली जात नाही.

रस्ता बंद असला, नियम कडक असले, तरी धोका पूर्णपणे टळत नाही. पाइक्स पीकची शर्यत चार वेळा जिंकलेला मोटारसायकलस्वार कार्लिन डन २०१९ मध्ये अंतिम रेषेच्या अगदी जवळ कोसळून मृत्युमुखी पडला. त्यानंतर त्या शर्यतीतून मोटारसायकलींना वगळण्यात आले. सर्व काळजी घेतलेल्या ठिकाणी ही स्थिती असेल, तर समोरून एस.टी. बस, केळीचा ट्रक किंवा दुचाकीवरील कुटुंब येऊ शकते अशा घाटात काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा पुन्हा केल्यास कैद एक वर्षापर्यंत, तर दंड दहा हजार रुपये होतो. अनेकांच्या लक्षात न येणारी बाब विम्याची आहे. वाहनविम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीसाठी होणारा वापर वगळलेला असतो. मित्रांनी घड्याळ लावून घाट चढण्याची पैज मारली आणि अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा भार मालकावरच पडू शकतो.

घाटातील वाहतुकीचा साधा संकेतही या पैजेच्या विरोधात जातो. अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, असा नियम आहे. मालाने भरलेले वाहन चढणीवर थांबले की पुन्हा हलविणे अवघड जाते, म्हणून ही सवलत आहे. चढणाऱ्याने वेगासाठी समोरची बाजू व्यापावी, असा तिचा अर्थ नव्हे.

खान्देशात हे शक्य आहे का?

खान्देशातील मोठे घाट हे मालवाहतुकीचे मार्ग आहेत. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तेव्हा तो बंद पडताच चाळीसगाव आणि मराठवाड्यामधील दळणवळण विस्कळीत झाले. असा रस्ता एका दिवसाच्या खेळासाठी बंद करणे लोकांना परवडणारे नाही. शर्यतीसाठी पर्यायी मार्ग उपलब्ध असलेला आडरस्ता, शासनाची लेखी संमती, पोलीस, रुग्णवाहिका, मार्शल आणि स्वतंत्र विमा एवढे सारे जमवावे लागते.

हौस भागविण्याचे अन्य मार्ग मात्र खुले आहेत. देशातील मोटार क्रीडा क्लबांचा महासंघ मान्यताप्राप्त स्पर्धांसाठी स्पर्धकांना परवाने देतो. १९८८ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय रॅली मालिकेतही बंद केलेल्या रस्त्यावर एकेक मोटार सोडून वेळ मोजली जाते. त्या अर्थाने रॅलीचा टप्पा आणि घाटचढाई यांचे जवळचे नाते आहे. या मालिकेतील ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ धुळ्यापासून फार दूर नसलेल्या नाशिक परिसरात झालेली आहे. मोकळ्या मैदानावर आखलेल्या मार्गावरील ऑटोक्रॉस हा नवशिक्यांसाठी कमी खर्चाचा पर्याय ठरतो. वेळ, वेग आणि अंतर यांचा मेळ घालणाऱ्या रॅलीत तर लवकर पोहोचणाऱ्यालाही उशिरा येणाऱ्याप्रमाणेच गुण गमवावे लागतात. तेथे घड्याळ आणि नकाशा सांभाळणाऱ्या जोडीदाराचे कौशल्य पणाला लागते.

पाइक्स पीकवर एक प्रथा आहे. शर्यत संपल्यावर सर्व स्पर्धक रांगेने सावकाश डोंगर उतरतात आणि रस्त्याच्या कडेला उभे असलेले प्रेक्षक हात पुढे करून त्यांच्या हातावर टाळी देतात. सकाळी ज्या वळणांवर प्रेक्षकांना रस्त्याजवळ फिरकू दिले जात नाही, तेथेच संध्याकाळी मुले मोटारींना हात लावतात. लळिंगच्या घाटातून देवपुराकडे परतणाऱ्या हौशी चालकानेही घाट उतरताना गिअर खालचाच ठेवावा.