देवाचं राज्य : आलं आहे की यायचं आहे?

मंडळी, प्रश्न साधा दिसतो. देवाचं राज्य कधी येणार? पण शुभवर्तमानं उघडली की उत्तरं दोन मिळतात. लूकच्या ११व्या अध्यायात येशू सांगतो, मी भुतं काढतो आहे, म्हणजे राज्य तुमच्यापर्यंत येऊन पोचलं. आणि त्याच अध्यायात तो शिष्यांना राज्य येवो अशी प्रार्थना शिकवतो. आता, आलेल्या पाहुण्याला कुणी पुन्हा बोलावणं धाडतं का?

अभ्यासकांतही दोन तट पडले. आल्बर्ट श्वाइट्झर १९०६ साली म्हणाले, येशू जगाचा शेवट लवकरच होईल या अपेक्षेत होता. सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये उलट मांडलं : येशूच्या कार्यात राज्य आलेलंच आहे.

मला वाटतं, आपल्या बीडकडच्या माणसाला मार्कच्या चौथ्या अध्यायातला दाखला लवकर कळेल. माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो. बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही. आधी पातं, मग कणीस, मग भरलेला दाणा. रब्बीची ज्वारी पोटरीत आली की शेतकरी काय म्हणतो? पीक आलं. पण खळं अजून व्हायचंय. दोन्ही खरं आहे ना? राज्याचंही तसंच : सुरुवात झाली, काढणी बाकी आहे.

लूक १७:२१ मध्ये राज्य ‘तुमच्यामध्ये’ आहे असं येतं. मूळ ग्रीक शब्द ‘एंतोस’. त्याचा अर्थ ‘अंतःकरणात’ असाही करतात. पण येशू इथं त्याला विरोध करणाऱ्या परूश्यांशी बोलतोय. म्हणून ‘तुमच्या जवळ, तुमच्यात उभं आहे’ हा अर्थ अधिक जुळतो.

याचा आपल्या जगण्याशी संबंध काय? दिवाळीच्या सुमारास इथली कुटुंबं उचल घेऊन ऊसतोडीला जातात. राज्य फक्त मेल्यावर, असं सांगितलं तर त्यांचा न्याय पुढं ढकलला जातो. फक्त मनात, असं सांगितलं तरी कोयता आणि मुकादमाचा हिशेब तसाच राहतो. उलट सगळं आजच पूर्ण झालं म्हणावं, तर त्यांच्या पोरांच्या बुडालेल्या शाळेकडं बघून ते खोटं ठरतं.

नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा होती. राज्य पूर्ण होण्याची वाट बघत ते थांबले नाहीत.

राहिली तारीख. मार्क १३:३२ प्रमाणे ती पुत्रालाही ठाऊक नाही. तेव्हा कुणी तारीख सांगू लागलं, तर हे वचन त्याच्यापुढं ठेवा. आणि आपल्या वाट्याचं बी पेरायचं राहिलंय का, ते बघा.