रद्द झालेलें विमान आणि जमेची चिठ्ठी

खानदेशांत आखाजी म्हणजे माहेरवाशिणींचा सण. अक्षय्य तृतीयेला लेकी सासरहून येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात आणि स्वयंपाकघरांत सांजोऱ्यांचा घाणा पडतो. २०२० सालीं हा सण २६ एप्रिल रोजीं होता. समजा, धुळ्याच्या देवपूर भागांत राहणाऱ्या एका गृहस्थांनीं आपल्या बेंगळूरच्या लेकीसाठीं बेंगळूर-मुंबई विमानाचें २४ एप्रिलचें तिकीट फेब्रुवारींतच काढून ठेविलें. उशीर केला तर भाडें वाढतें, हें त्यांना ठाऊक होतें. त्यांचे जळगांवचे व्याही या बाबतींत जरा ढिले. दिल्लीस शिकणाऱ्या धाकट्या मुलाचें १८ एप्रिलचें तिकीट त्यांनीं काढलें तें १ एप्रिलला, म्हणजे देशभर टाळेबंदी चालू असतांना. ती १४ एप्रिलला उठेल आणि विमानें पुन्हां सुटतील, असा तेव्हां पुष्कळांचा समज होता. विमान-कंपन्याही त्याच समजावर पुढील तारखांचीं तिकिटें विकीत होत्या. टाळेबंदी उठली नाहीं. दोन्ही विमानें रद्द झालीं. व्याह्यांना सर्व पैसे रोख परत मिळाले. धुळ्याच्या गृहस्थांना मात्र पैशाऐवजीं एक संदेश आला, कीं आपलें भाडें आमच्याकडे आपल्या नांवें जमा आहे, वर्षभरांत केव्हांही त्यावर प्रवास करावा.

श्रोतेहो, हें उदाहरण मीं समजुतीसाठीं जुळविलेलें आहे. पण ज्या आज्ञेमुळें या दोघां व्याह्यांच्या नशिबांत असा फरक पडला, ती आज्ञा खरी आहे. करोनाच्या साथीमुळें परदेशचीं विमानें २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीं व देशांतलीं २४ मार्चच्या मध्यरात्रीं थांबलीं. देशांतलीं विमानें पुन्हां उडालीं तीं २५ मे रोजीं, म्हणजे मधले दोन महिने आकाश मोकळें राहिलें. या काळांतील तिकिटांचें काय करावयाचें, याविषयीं केंद्रीय नागरी विमानवाहतूक मंत्रालयानें १६ एप्रिल रोजीं एक परिपत्रक काढलें. २५ मार्च ते १४ एप्रिल या पहिल्या टाळेबंदींत ज्यांनीं तिकीट काढलें, आणि ज्यांचा प्रवास त्याच टाळेबंदींत किंवा ३ मेपर्यंतच्या दुसऱ्या टाळेबंदींत व्हावयाचा होता, त्यांना कोणतेंही शुल्क न कापतां तीन आठवड्यांत सर्व रक्कम परत द्यावी, असें त्यांत म्हटलें होतें. जगाची घडी नीट असतांना ज्यांनीं तिकीट काढलें, त्यांना या परिपत्रकाचा कांहीं आधार मिळाला नाहीं.

यामागें एक तर्क होता. विमानें बंद असल्याचें दिसत असूनही ज्या कंपनीनें तिकीट विकलें, तिनें जाणूनबुजून पैसे घेतले. तेव्हां तिनें ते परत करावेत. जिनें फेब्रुवारींत विकलें, तिचा साथींत कांहीं दोष नाहीं. तर्क म्हणून हें ठीक दिसतें. पण प्रवाशाचा तरी साथींत काय दोष होता? विमान उडालें नाहीं हें दोघांच्याही बाबतींत सारखेंच खरें होतें, आणि ज्या गृहस्थानें सावधपणा केला त्याच्याच पदरीं चिठ्ठी पडली, हें कोणालाही सहज पटण्यासारखें नाहीं.

या चिठ्ठीला विमान-व्यवसायांत ‘क्रेडिट शेल’ म्हणतात. शब्दशः अर्थ करावयाचा तर ‘जमेचें कवच’. कवच कोणाचें, प्रवाशाचें कीं कंपनीचें, याचा उलगडा नांवांतून होत नाहीं. वस्तुतः ती एक उधारीची नोंद आहे. आपल्या वाण्याच्या वहींत आपल्या नांवापुढें रक्कम मांडलेली असते तशीच ही. फरक इतकाच कीं येथें देणेकरी दुकानदार आहे आणि सावकार आपण आहों, तेंही न विचारतां झालेले. आणि हें न विचारणें नियमाला धरून नव्हतें. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या तिकीट-परताव्यासंबंधींच्या नियमांत २०१६ मध्यें ज्या सुधारणा झाल्या, त्यांत स्पष्ट म्हटलेलें होतें कीं परताव्याची रक्कम जमेच्या रूपानें ठेवावयाची कीं नाहीं हा प्रवाशाच्या मर्जीचा प्रश्न आहे. कंपनीनें ती आपली ठरीव पद्धत करूं नये. २०२० मध्यें नेमकी तीच ठरीव पद्धत झाली.

कंपन्यांनीं असें कां केलें, हें समजून घेतल्यावांचून त्यांच्यावर रागावणें अर्धवट होईल. विमान-कंपनी आपण प्रवास करण्यापूर्वीं कित्येक आठवडे आधीं पैसे घेते. हे पैसे ती पेटींत बाजूला ठेवीत नाहीं. आज उडणाऱ्या विमानाचें इंधन उद्यांच्या प्रवाशाच्या पैशांतून भरलें जातें. नवीं तिकिटें रोज विकलीं जात आहेत तोंवर हें चक्र सुरळीत फिरतें. विक्री एका रात्रींत थांबली, आणि त्याच दिवशीं जुन्या सर्व प्रवाशांनीं पैसे मागितले, तर पेटी रिकामी. शिवाय विमानें बहुधा भाड्यानें घेतलेलीं; तीं धांवपट्टीवर उभीं असलीं तरी त्यांचें भाडें चालूच, आणि तें डॉलरांत.

आपल्याकडे याच दोन महिन्यांत मंगल कार्यालयांची अशीच स्थिति झाली होती. एप्रिल-मेचे मुहूर्त, विसार घेतलेला, आणि त्या विसारांतून मंडपाचें व भांड्यांचें देणें भागविलेलें. ज्यांनीं विसार परत मागितला, त्यांना पुष्कळ ठिकाणीं हेंच उत्तर मिळालें, कीं पुढची तारीख घ्या. परंतु कार्यालयाचा मालक आपल्याच गांवांत असतो. त्याचा वाडा दिसतो, त्याची पत कळते, वेळप्रसंगीं चार माणसें घेऊन त्याच्या ओटीवर बसतां येतें. विमान-कंपनीची ओटी कोठें असते?

हा प्रश्न शेवटीं सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. ‘प्रवासी लीगल सेल’ या संस्थेनें व इतरांनीं केलेल्या अर्जांवर न्यायालयानें १ ऑक्टोबर २०२० रोजीं निकाल दिला. २५ मार्च ते २४ मे या संपूर्ण टाळेबंदींत तिकीट काढून त्याच काळांत प्रवास करावयाचा होता त्यांना पूर्ण रक्कम परत, हें त्यानें कायम केलें. पण महत्त्वाचा भाग पुढचा आहे, कारण तो फेब्रुवारींत तिकीट काढणारांचा आहे. त्यांनाही रक्कम परतच द्यावी. मात्र आर्थिक अडचणीमुळें कंपनीला तें खरोखरच अशक्य असेल, तर तिनें भाड्याइतक्या रकमेची चिठ्ठी ३१ मार्च २०२१ पर्यंतच्या मुदतीची द्यावी. ती कोणत्याही मार्गावर चालावी, दुसऱ्या कोणाच्याही नांवें करतां यावी, आणि मुदत संपेपर्यंत ती वापरली गेली नाहीं तर भाडें रोख परत व्हावें.

त्याहून मार्मिक गोष्ट व्याजाची. तिकीट रद्द झाल्याच्या दिवसापासून ३० जून २०२० पर्यंत दरमहा, महिन्याचा अंश पुरा महिना धरून, मूळ भाड्याच्या शेंकडा अर्धा टक्का, आणि नंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत दरमहा पाऊण टक्का, अशी चिठ्ठीची किंमत वाढवीत न्यावयाची होती. धुळ्याच्या गृहस्थांचें भाडें दहा हजार रुपये होतें आणि विमान १६ एप्रिलला रद्द झालें असें धरूं. जूनअखेर अडीच महिने, म्हणजे हिशेबाला तीन. त्याचे दीडशें रुपये. जुलै ते मार्च नऊ महिने. त्याचे सहाशें पंचाहत्तर. मार्चअखेर त्यांची चिठ्ठी १०,८२५ रुपयांची व्हावयास पाहिजे. पाऊण टक्का दरमहा म्हणजे वर्षाला सरळ नऊ टक्के. त्या वर्षीं बड्या बँका एक वर्षाच्या ठेवीवर इतकें व्याज देत नव्हत्या. न्यायालयानें ‘व्याज’ हा शब्द टाळून ‘प्रोत्साहन’ म्हटलें. नांव कांहीं असो; दुसऱ्याचा पैसा वापरावयाचा तर त्याचें मोल द्यावें लागतें, हें तत्त्व त्यांत मान्य झालें. देशांतील सर्वांत मोठ्या कंपनीनें, इंडिगोनें, डिसेंबर २०२० मध्यें आपण सुमारें १,००० कोटी रुपये परत केले असल्याचें जाहीर केलें. एवढी रक्कम एकट्या एका कंपनीच्या प्रवाशांची अडकून होती, यावरून प्रकरणाचा आवाका ध्यानांत येईल.

आतां आपल्या भागापुरता विचार करूं. ‘कोणत्याही मार्गावर’ ही सवलत मुंबईकराला जितकी उपयोगाची, तितकी जळगांवकराला नाहीं. जळगांवच्या विमानतळाचें उद्घाटन २०१२ सालीं तत्कालीन राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांच्या हस्तें झालें. त्या स्वतः जळगांवच्या. पण नियमित विमान यावयास २३ डिसेंबर २०१७ उजाडावें लागलें. त्या दिवशीं ‘उडान’ योजनेखालीं एअर डेक्कनचें वीसहून कमी आसनांचें छोटें विमान मुंबईसाठीं सुरू झालें. ती सेवा लवकरच बंद पडली. २०१९ मध्यें ट्रूजेट कंपनी मुंबई व अहमदाबादसाठीं आली. २०२२ च्या आरंभीं त्या कंपनीचींच उड्डाणें थांबलीं. पुढें २०२४ मध्यें फ्लाय ९१ हिनें गोवा व हैदराबाद या मार्गांवर सेवा चालू केली. धुळ्याला तर गोंदूरची धांवपट्टी आहे, तेथें वैमानिकांचें शिक्षण चालतें, पण तिकीट काढून बसावें असें विमान तेथून सुटत नाहीं. धुळेकर जळगांवला नव्वद किलोमीटर जातो, नाहीं तर मुंबई गांठतो.

याचा अर्थ असा कीं आपल्या हातांतल्या चिठ्ठीची किंमत तिच्यावर छापलेल्या आंकड्यांत नाहीं. कंपनी आपल्या गांवाहून उडत राहिली तर ती चिठ्ठी पैसा आहे. मार्ग बंद झाला तर ती अर्धा पैसा आहे, कारण ती वापरण्यासाठीं दुसऱ्या शहराचा खर्च करावा लागतो. आणि कंपनीच बसली तर तिची गणना बुडीत देण्यांत होते. हें कांहीं काल्पनिक भय नव्हे. जेट एअरवेजचीं विमानें १७ एप्रिल २०१९ रोजीं थांबलीं आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजीं ती कंपनी मोडीत काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानें दिला. गो फर्स्ट मे २०२३ मध्यें थांबली व दिवाळखोरीच्या प्रक्रियेंत गेली. अशा वेळीं मालमत्तेच्या वांटणींत बँका व इतर तारणधारी सावकार पुढें असतात. तिकिटाचे पैसे अडकलेला प्रवासी फार मागें उभा असतो. म्हणून रोख मिळत असेल तर थोडी वाट पाहूनही रोख घ्यावी, आणि चिठ्ठी पतकरावीच लागली तर ती लौकर खर्चून टाकावी, असें माझें मत आहे. ‘पुढच्या दिवाळीला बघूं’ हें तिच्या बाबतींत चालत नाहीं.

रेल्वेशीं तुलना केल्यावांचून राहवत नाहीं, कारण भुसावळ जंक्शनच्या छायेंत आपण वाढलों. त्याच मार्चमध्यें रेल्वेनेंही सर्व प्रवासी गाड्या बंद केल्या. पण रेल्वेनें कोणाला चिठ्ठी दिली नाहीं. संगणकावर काढलेल्या तिकिटांचे पैसे आपोआप खात्यांत गेले. खिडकीवर काढलेल्या तिकिटांसाठीं मुदत प्रथम तीन महिने, मग सहा, पुढें नऊ महिन्यांपर्यंत वाढविण्यांत आली. रेल्वे सरकारची, तिची पेटी निराळी, हें खरें. तरी तुलना मनांत येतेच.

तिकीट दलालामार्फत किंवा संकेतस्थळावरून काढलेलें असेल तर आणखी एक गांठ पडते. कंपनी पैसे दलालाकडे परत करते आणि दलालानें ते प्रवाशाकडे पोंचवावयाचे असतात. पुष्कळांचे पैसे या दुसऱ्या टप्प्यावर थांबले. एका मोठ्या संकेतस्थळाकडे २०२१ मध्यें अशीं ३६,००० हून अधिक तिकिटें, सुमारें सव्वीस कोटी रुपयांचीं, अडकलेलीं होतीं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या पाठपुराव्यानंतर जून २०२४ पर्यंत तीं ४,८०० च्या घरांत व अडीच कोटींवर आलीं. म्हणजे साथीनंतर चार वर्षें उलटलीं तरी कांहींजण वाट पाहतच होते.

ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत, आणि जळगांव-धुळ्यांत अशीं घरें आतां थोडीं नाहींत, त्यांच्यासाठीं एक निराळी माहिती. अमेरिकेच्या वाहतूक खात्यानें ३ एप्रिल २०२० रोजींच कंपन्यांना बजावलें होतें कीं विमान तुम्हीं रद्द केलें तर पैसे परत करावेच लागतील. त्याच्या पाठपुराव्यांतून १४ नोव्हेंबर २०२२ रोजीं सहा कंपन्यांवर कारवाई जाहीर झाली. तींत एअर इंडियाचा परतावा १२ कोटी १५ लाख डॉलरांचा होता, आणि वर १४ लाख डॉलर दंड. नात्यागोत्याच्या बाळंतपणासाठीं निघालेल्या आजीचें तिकीट अमेरिकेंतून सुटणाऱ्या वा तेथें जाणाऱ्या विमानाचें असेल, तर तिच्या मागें तेथील कायदाही उभा असतो. मुलानें तेथूनच तक्रार करावी.

मघाशीं मीं विचारलें कीं विमान-कंपनीची ओटी कोठें असते. याचें एक उत्तर त्याच वर्षीं मिळालें. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलांत आला, आणि त्यानें ग्राहकाला आपण राहतों त्या जिल्ह्यांत तक्रार करण्याची मुभा दिली. जुन्या कायद्यांत कंपनीच्या ठिकाणाचा किंवा व्यवहार जेथें घडला त्या जागेचा विचार करावा लागे, आणि धुळ्याच्या माणसाला गुरगांवच्या कंपनीशीं भांडण्यापेक्षां पैसे सोडून देणें स्वस्त पडे. आतां जळगांव आणि धुळें या दोन्ही ठिकाणच्या जिल्हा ग्राहक आयोगांत अर्ज देतां येतो. दिलेला मोबदला पांच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाहीं, आणि वकील लावलाच पाहिजे असेंही नाहीं. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची. साथीच्या काळासाठीं सर्वोच्च न्यायालयानें १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हे दिवस मुदतींतून वगळले होते, तरी २०२० च्या बहुतेक तक्रारींची वेळ आतां निघून गेली आहे. पुढें कधीं प्रसंग आला तर तिकिटाची प्रत, पैसे गेल्याचा बँकेचा उतारा, विमान रद्द झाल्याचा संदेश आणि आपण रोख रक्कम मागितल्याचें लेखी पत्र, एवढे कागद एका पाकिटांत असावेत. त्यांतलें शेवटचें पत्रच बहुधा लोक लिहीत नाहींत. दूरध्वनीवर बोलतात, आणि बोललेलें आयोगापुढें दाखवितां येत नाहीं.